फळीवरचा उलटा कागद

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर कागद घालणं. घट बसायला चार दिवस होते. दर वर्षी ती तेव्हाच हे काम काढायची. मी स्टुलावर उभा राहून डबे खाली द्यायचे, तिने ते ओल्या फडक्याने पुसायचे, मग मी फळी झटकायची आणि तिने दिलेला कागद अंथरायचा. कागद म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर. तारखांची बाजू खाली, मागची बाजू वर. मागे पाककृती असतात, राशीभविष्य असतं. डाळीच्या डब्याखाली कन्या रास, मिठाच्या बरणीखाली उपवासाची कचोरी, असा आमचा संसार.

"जुना कागद काढू का?" मी विचारलं. दर वर्षी विचारायचो.

"रवांदे. खालचो खालीच बरो. त्याच्यावर घाला."

"किती थर साठवशील? झुरळं होतील."

"होऊंदेत. तुमका चावतत?"

मी हात फिरवून कागद सपाट केला. तळव्याला बारीक बारीक काही लागलं. इथे एक, तिथे दोन.

"खाली तांदूळ राहिलेत गं."

"तांदूळ नाय ते," ती म्हणाली आणि चहाचा डबा माझ्या हातात दिला. "ठेवा."

मी ठेवला. पितृपक्ष होता म्हणून मासळी नव्हती. वालाची उसळ आणि भात जेवलो. ती म्हणाली जरा पडते, पंखा दोनवर ठेवा. चार वाजता चहा ठेवून उठवायला गेलो. पंखा दोनवरच फिरत होता.

बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, कपाळभर कुंकू लावलं. सवाष्ण गेली, नशीबवान, असं सगळ्या म्हणत होत्या. मला कुणी नशीबवान म्हणालं नाही. पुढचे दिवस पाण्याखालून बघितल्यासारखे गेले. माणसं यायची, त्यांची तोंडं हलायची, चहाचे कप यायचे-जायचे. मी खिडकीत बसून असायचो.

त्या खिडकीबद्दल सांगायला पाहिजे. आणि माझ्या नाकाबद्दल.

मला वास येत नाही. चौथी शिकलेला मी, गावाहून आलो तो गिरणीत, रंगखात्यात लागलो. गिरणी गेली तेव्हा भांडुपला रंगाच्या कारखान्यात. तिथे फवारा मारायचं काम. तोंडाला रुमाल बांधायचा, तोच आमचा बंदोबस्त. चाळिशीला नाक गेलं ते गेलंच. दूध नासलं की ती सांगायची. गॅस चालू राहिला की ती धावायची. माझा शर्ट परत घालण्यासारखा आहे की धुण्यासारखा, हेही तीच ठरवायची. निम्मं आयुष्य मी तिच्या नाकाने काढलं.

आमचं घर भांडुपलाच, सातव्या मजल्यावर. चाळ पाडून बिल्डिंग झाली तेव्हा मिळालेलं. स्वयंपाकघराची खिडकी खाडीकडे. हायवेच्या पलीकडे मिठागरं, त्याच्या पुढे कांजूरचं डम्पिंग, मग खाडीची चकाकणारी रेघ. थंडीत तिथे गुलाबी पक्षी उतरतात. सकाळच्या धुरकटात तो कचऱ्याचा डोंगर मला आमच्या गावच्या कातळी सड्यासारखा दिसायचा. वर घारी फिरायच्या. उन्हं आली की त्याच्या कडेला सोनेरी किनार लागायची. मला तो डोंगर सुंदर वाटायचा. खोटं कशाला सांगू? नुसते डोळे असलेल्या माणसाला तो सुंदरच दिसणार.

ती मात्र मधेच हातातलं काम टाकून म्हणायची, "इलो." म्हणजे वास आला. आणि जाऊन खिडकी लावायची. मी परत उघडायचो. मला डोंगर बघायचा असायचा.

"तुझं नाक जरा जास्तच लांब आहे," मी म्हणायचो.

"तुमचां नाक मेलां म्हणान माझां पण मारतलात?"

हे भांडण आमच्याकडे चहासारखं होतं. रोजचं. तिला खोकला लागायचा, डोळे चुरचुरायचे, रात्री उशाजवळच्या खिडकीवर ओली चादर टांगायला लागायची. मी म्हणायचो वय झालं. घर विकून कुठे जाणार होतो? जाता येत नसेल तर वास आहे म्हणून मान्य तरी कशाला करायचं, असा माझा हिशोब. हिशोब म्हणजे काय, आडमुठेपणा.

आणि ती टिकल्या लावायची. कपाळावरची काढून कॅलेंडरवर. ज्या दिवशी वास आला त्या दिवसाच्या चौकोनात. चौकोनात आधीच दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, कुणाचं बारसं असं सगळं लिहिलेलं असायचं. आणखी लिहायला जागा नाही, म्हणून टिकली. लांबूनही दिसते. तशा तिच्या टिकल्या घरभर असायच्या. आरशावर, न्हाणीघराच्या फरशीवर, एकदा माझ्या पाठीवर. त्यामुळे बरेच दिवस मला वाटायचं हीदेखील तीच सवय. मग तिने एकदा सांगितलं तेव्हा मी हसलो. "म्युन्सिपालटी येणार आहे का तुझ्या टिकल्या मोजायला?"

म्युन्सिपालटी नाही आली. विद्यापीठातली एक मुलगी आली. पाठीला सॅक, हातात फॉर्म. बिल्डिंगमध्ये घरोघर जाऊन विचारत होती, वास येतो का, कधी येतो, कोण आजारी पडतं. आमच्याकडे आली ती सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. हिने चहा दिला. मुलीचं लक्ष भिंतीवर गेलं.

"काकी, ह्या टिकल्या कसल्या?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. ती अशी ताठ बसली जसं काही शाळेत नंबर आला.

"वास इलो की टिकली. सात वर्षां लावतंय."

"सात वर्षं? मागची कॅलेंडरं आहेत?"

"असत. घरातच असत."

मी गॅलरीतून ओरडलो, "कसली असतात? रद्दीत गेली असतील." कारण रद्दी काढणारा मी. कागद घरात साठला की मला सुचत नाही. दर महिन्याला एक तारखेला गठ्ठा बांधून खाली. तिने माझ्याकडे बघितलं फक्त. मुलीचे दोन-तीन वेळा फोन आले, मग तिने सांगितलं की विद्यापीठात एक चर्चा ठेवली आहे. हवामान, प्रदूषण, लोकांचे हक्क. काकींनी येऊन स्वतः सांगावं.

मग काय, घरात तालीम सुरू. लसूण सोलता सोलता ती मला समोर बसवायची.

"नमस्कार. माझां शिक्षण सातवी. मी भाषण करूक येवक नाय. मी वास सांगूक इलंय." मग माझ्याकडे वळून, "तुमी सायब व्हा. इचारा काय ता."

मी साहेब व्हायचो. पाय पसरून, चष्मा नाकावर. "पुरावा काय बाई?"

ती भिंतीकडे बोट दाखवायची.

"टिकली म्हणजे पुरावा? उद्या मीही चार लावीन."

हे मी गमतीत म्हटलं. ती लसूण सोलायची थांबली. म्हणाली, "तुमी पण सायबच निघालात." आणि परत सोलायला लागली. त्या दिवशी कढीला फोडणी जरा जास्तच करपली होती, असं मला दिसलं. वास नाही आला.

ती गेल्यावर तेरावं झालं, पाहुणे गेले. विद्यापीठातली ती मुलगी भेटायला आली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाली, "काका, चर्चा आता पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही याल?"

"मी काय सांगू? मला वासच येत नाही."

"काकी काय करायच्या ते सांगा. तेवढंच."

मी कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं, गुंडाळी करून पिशवीत घातलं आणि गेलो. मुलीनेच रिक्षाने नेलं. वाटेत तिने मला घसा दुखतो का, पाणी हवंय का असं तीनदा विचारलं. मला घाम फुटला होता. आयुष्यात कधी विद्यापीठात पाय ठेवला नव्हता, आणि तिथे बायकोचं बोलणं मी बोलायचं होतं.

आत थंड होतं. पडदे लावलेले, समोर पांढऱ्या पडद्यावर नकाशे येत-जात होते. बोलणारी माणसं हळू आवाजात बोलत होती. शब्द वर तरंगायचे आणि दिव्यांपाशी जाऊन विरायचे. पर्यावरणीय न्याय. समुदायांचे हक्क. हवामान बदल. न्याय म्हटलं की मला कोर्ट दिसतं, लाकडी कठडा, काळा कोट. इथे कोर्ट नव्हतं. मला डुलकीसारखं झालं. त्या गारव्यात वाटलं ती शेजारच्या खुर्चीवर बसली आहे आणि पदर सारखा करते आहे, तिचा नंबर यायचा आहे.

शेजारी खरं तर एक म्हातारा कोळी बसला होता. खाडीवरचा. त्यालाही बोलायला बोलावलं होतं.

"कुठले तुम्ही?" त्याने विचारलं.

"कोकणातला."

"मग मासळी ओळखता?"

"डोळ्याने. नाकाने नाही."

"बरं आहे की!" तो म्हणाला. "आमच्या खाडीवर या. नाक नसलेला माणूसच तिथे टिकतो."

मी हसलो. महिना-दीड महिन्यात पहिल्यांदा. मग लगेच वाईट वाटलं.

चर्चा चालवणाऱ्या प्राध्यापक बाई उठल्या. साधी सुती साडी, केस पिकलेले. त्या म्हणाल्या, कचरा सगळ्या शहराचा आहे, पण वास ठरावीक घरांच्या वाट्याला येतो. आणि त्या घरांना आधी कुणी विचारलेलं नसतं. उन्हाळे वाढले, वारे बदलले, तरी त्याची झळ पहिली बसते ती त्यांनाच. हे मला समजलं. ही तर तीच गोष्ट. खिडकी लावता लावता हीच गोष्ट ती मला सांगायची, मालवणीत. मी ऐकली नाही आणि इथे रिक्षाने येऊन ऐकली.

मग माझं नाव पुकारलं. मी कॅलेंडर उलगडून टेबलावर ठेवलं. बाईंनी एकेक पान सगळ्यांना दिसेल असं धरलं. लाल टिकल्या. पावसाळ्यात कमी, पौष-माघात दाट, एका आठवड्यात तर रोज. मी एवढंच सांगितलं की ह्या टिकल्या माझी बायको लावायची, ज्या दिवशी वास आला त्या दिवशी. बाकी माझे शब्द संपले.

पहिल्या रांगेत एक साहेब होते. हवेचे जाणकार. चांगला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "आजोबा, हे फार मोलाचं आहे. पण वारा ऋतूप्रमाणे फिरतो. एका वर्षावरून नक्की सांगता येत नाही. चार-पाच वर्षांचं असतं तर ह्याला वजन आलं असतं." मग ते पुढे झुकले. "आणि इथून पुढे एकही टिकली नाही. म्हणजे ह्या तारखेनंतर वास बंद झाला का?"

"नाही," मी म्हणालो. "लावणारी गेली."

साहेबांनी चष्मा काढला. "माफ करा," म्हणाले.

मागून ती मुलगी उभी राहिली. "सर, काकींनी मला सांगितलं होतं, सात वर्षांचं आहे. घरातच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "मीच रद्दी काढतो. मला माहीत आहे ना. काही नाही घरात."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पेन थांबलं, कागद उलटला. तेवढ्यात मला कळलं मी काय केलं ते. भर सभेत मी तिला खोटं पाडलं. तिच्या तोंडचं वाक्य होतं, 'घरातच असत', आणि ते खोडणारा परका कुणी नव्हता. नवरा होता.

परतताना रिक्षात मुलगी म्हणाली, "काका, आठ दिवसांनी आम्ही सगळं एकत्र करून पुढे पाठवणार आहोत. सापडलं काही तर कळवा." तिने आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन दिवेलागणीपर्यंत शोधलं. माळा काढला. पलंगाखालची ट्रंक काढली. तिच्या साड्यांच्या घड्या सोडल्या आणि मला परत घालता येईनात. देवघराच्या खणात वाती, कापूर, जुन्या काढ्याच्या पुड्या. कागद कुठेच नाही. मी म्हटलं तेच खरं होतं तर. घरात कागद न ठेवणारा माणूस मी, वाट लावली ती मीच.

झोपेत मला वास येतो. हे कुणाला सांगितलेलं नाही. ती गेल्यापासून सुरू झालं आहे. तिच्या केसांतलं माक्याचं तेल, तव्यावरचा बांगडा, पहिल्या घरातल्या ओल्या भिंती, रंगखात्यातली वाफ, सगळं येतं, एकमेकांत मिसळून. त्या दिवशीही आलं. मी खाडीवर उभा होतो, डोंगर धुक्यात होता, गुलाबी पक्षी उठत होते, आणि मला पहिल्यांदा तो वास आला, डम्पिंगचा. घशात बसणारा. मी खिडकी शोधत होतो लावायला. खाडीवर खिडकी कुठली?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा उजाडलं होतं. चहा करायचा म्हणून पातेलं ठेवलं. चहाचा डबा वरच्या फळीवर, मागे सरकलेला. स्टुलावर चढलो, तोल जाऊ नये म्हणून डावा हात फळीवर टेकला.

तळव्याला बारीक बारीक काही लागलं. इथे एक, तिथे दोन.

तांदूळ नाय ते.

मी गॅस बंद केला. एकेक डबा खाली घेतला. पुसणारं कुणी नव्हतं, जमिनीवर तसेच मांडले. वरचा कागद उचलला, उलटा केला. गेल्या वर्षीचा माघ. लाल टिकल्या. त्याखालचा कागद, त्याच्या आदल्या वर्षीचा. त्याखालचा. तिने एकही जुना कागद काढू दिला नव्हता. मी घरातला प्रत्येक कागद रद्दीत घालतो, फक्त डब्याखालच्या कागदाला हात लावत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्याच हातांनी, वर्षानुवर्षं, मला स्टुलावर उभं करून, तिने ते माझ्यापासून जपून ठेवलं.

चार फळ्यांवरून सगळे काढेपर्यंत पाय भरून आले. जमिनीवर बसून लावत गेलो. तेलाच्या बरणीखालची पानं चिकटून गेली होती, ती सोडवताना फाटली. एका वर्षाचे दोन महिने सापडलेच नाहीत. कुठे कुठे टिकली गळली होती, पण तिच्या जागी गोंदाचा गोल डाग होता, तो कळत होता. सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या टिकल्या, नंतर नंतर बारीक. एका महिन्यात खड्यांच्या, भाचीचं लग्न होतं तेव्हाच्या. आमच्या लग्नाच्या तारखेवर एक होती. मला आठवलं. त्या संध्याकाळी मी म्हटलं होतं, चल, गॅलरीत बसून चहा घेऊ, डोंगर काय छान दिसतोय. ती आली होती. तासभर बसली होती माझ्याबरोबर. काही बोलली नव्हती. नंतर आत जाऊन टिकली लावली असणार.

मी तिथेच बसून रडलो. मग उठलो, तोंड धुतलं, मुलीला फोन लावला. "आहेत," म्हणालो. "घरातच आहेत. काकी बरोबर होती. त्या साहेबांनाही हेच सांग, ह्याच शब्दांत." ती म्हणाली काका, मी आत्ता येते.

ती येईपर्यंत वेळ होता. शेजारच्या दाराची बेल वाजवली. शेजारीण दारात आली, एका हातात मुलाचा डबा.

"आज वास आहे का गं?"

"काय काका, सकाळी सकाळी! आहे ना, पहाटेपासून आहे. हे बघा, सगळ्या खिडक्या लावल्यात. तुम्हाला कुठे कळतो पण?"

"म्हणून तर विचारतोय. उद्याही विचारीन."

तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "विचारा की," म्हणाली. "रोज विचारा."

घरी येऊन ह्या वर्षीचं कॅलेंडर पिशवीतून काढलं, परत खिळ्याला लावलं. आरशामागे तिचं टिकल्यांचं पाकीट होतं, अर्धं संपलेलं. माझी बोटं जाड. पहिली टिकली बोटालाच चिकटली, दुसरी जमिनीवर पडली. तिसरी आजच्या चौकोनात बसली, थोडी तिरकी. अंगठ्याने दाबली.

बाहेर डोंगराच्या कडेला उन्हं आली होती. मी खिडकी लावली.